रेडिओवर जगलेली चंद्रा

भूगावला भाचीच्या फ्लॅटमागं एक भातखाचर अजून शिल्लक आहे. तिन्ही बाजूंनी इमारती आणि मध्ये हा अर्धा एकर. मालकानं अजून विकला नाही, एवढंच. परवा सकाळी स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि कापलेल्या भाताचा वास आत आला. ओलसर, गोडसर, थोडा धुळीचा. भाची म्हणाली, "मावशी, लाव ती खिडकी, कुसं येतात आत." मी लावली नाही. तो आंबेमोहोराचा वास नव्हता, आता आंबेमोहोर लावतंय कोण? ऐंशी उलटून गेली माझी. लोकांना सुगी आली की बरं वाटतं. मला कापणीच्या दिवसांत दुपारची झोप लागत नाही. कुणीतरी बांधावरून धावत येतंय असं वाटत राहतं.

त्याच आठवड्यात पेपरात डॉक्टर उपासनींवर अर्धं पान आलं होतं. गेले ते. फोटो छान होता, केस पांढरे झालेले पण डोळे तेच, समोरच्याला आपलंसं करून घेणारे. डॉक्टर, नाट्यदिग्दर्शक, रेडिओवरचा घराघरात पोचलेला आवाज. एका आयुष्यात माणूस किती आयुष्यं जगू शकतो, असं काहीसं लिहिलं होतं. नाटकांची यादी होती, गौरवांची यादी होती. मुळशीवर एकच ओळ होती. सुरुवातीची काही वर्षं त्यांनी ग्रामीण भागात रुग्णसेवा केली.

चष्मा पुसून मी ती ओळ पुन्हा वाचली. तेवढ्या ओळीत मी आहे, चंद्रा आहे, शेवंतामावशी आहे. जागा कमी आहे, दाटीवाटीनं बसलोय.

मुळशीच्या सरकारी दवाखान्यात मी नर्स म्हणून गेले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. लग्नानंतर आठ महिन्यांत नवरा गेला. वडिलांनी पुण्यात नर्सिंगला घातलं, सुईणपणाचं शिक्षण झालं आणि नेमणूक मिळाली ती थेट धरणाच्या काठी. धरणाची वीज डोंगर उतरून मुंबईला जायची आणि आमच्या दवाखान्यात कंदील. पावसाळ्यात चार महिने कपडे वाळायचे नाहीत. पांढऱ्या लुगड्याला बुरशीचे ठिपके पडायचे.

पहिलं वर्षभर मला कुणी बाळंतपणाला बोलावलं नाही. पांढऱ्या कपाळाची बाई बाळंतिणीच्या खोलीत नको, हे कुणी तोंडावर म्हणायचं नाही, पण निरोप यायचा नाही. डॉक्टर उपासनींनी ते मोडून काढलं. ते स्वतः माझ्याबरोबर वाड्यावस्त्यांवर यायचे, दारात उभे राहायचे आणि सांगायचे, "मी बाहेर बसतो. आत बाई जातील. यांचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे." चांगला नव्हता. त्यांनीच तो चांगला केला. बाळंतिणीच्या पोटावर हात ठेवायला लावून म्हणायचे, "कुसुमबाई, डोळे मिटा. आता सांगा, गर्भाशय घट्ट आहे की सैल? डोळ्यांना दिसत नाही ते हाताला दिसतं." अडकलेली वार हातानं कशी सोडवायची, रक्त थांबेना तर पोट कसं चोळायचं, इंजेक्शन कधी द्यायचं, सगळं त्यांनी शिकवलं. असा शिक्षक मला पुन्हा भेटला नाही. हे मी आधी सांगून टाकते. पुढं जे सांगायचंय त्यात हे विसरून जाईन.

तिसऱ्या वर्षापर्यंत वस्तीवस्तीवरून निरोप येऊ लागले. शेवंतामावशीच्या थोरल्या लेकीचं बाळंतपण मी केलं. पोर पायाळू होतं, वाचलं. मावशी करारी बाई. घरची बारा खंडी भाताची जमीन, चार गडी हाताखाली आणि जिभेला धार. त्या दिवसापासून दवाखान्यात तांदूळ पाठवू लागली. "बाई, हे आंबेमोहोर हाय. एकटीच्या तोंडाला चव तर लागू दे," म्हणायची.

डॉक्टरांना नाटकाचं वेड कॉलेजपासूनचं. मुळशीत त्या वेडाला खाद्य मिळालं. धरणात गेलेल्या गावांच्या गोष्टी म्हातारी माणसं सांगत. पाणी कसं चढत आलं, देव कसे हलवले. डॉक्टर औषधाची चिठ्ठी लिहिता लिहिता ऐकायचे. त्यातून त्यांनी नाटक लिहिलं. पाणी उंबऱ्याला लागलं तरी घर न सोडणारी एक बाई आणि तिला समजावून थकलेला तिचा नवरा. भात कापणीचे दिवस. माणसं दिवसभर वाकून कापायची आणि उन्हं कलली की दवाखान्याच्या ओसरीवर तालमीला यायची, केसांत तूस, पोटऱ्यांवर धारेचे ओरखडे. शाळेतले मास्तर नवरा झाले होते. बायकोचं काम करायला एक मिशा काढलेला तरुण उभा केला होता. चार दिवसांनी डॉक्टर म्हणाले, "हे जमत नाही. ही बाई बाईनंच करायला हवी. कुसुमबाई, तुम्ही."

"डॉक्टर, मी विधवा आहे. त्या बाईला कुंकू आहे."

"कुंकू तिचं आहे. तुमचं नाही. तुम्ही फक्त तिला उसनं शरीर द्यायचं."

मला असं कधी कुणी बोललं नव्हतं. मी हो म्हणाले. त्यांनी गळ घातली म्हणून केलं, असं मी पुढं लोकांना सांगत राहिले. ते खोटं आहे. मला करायचं होतं.

लुगडं आणि बांगड्या चंद्रानं दिल्या. चंद्रा शेवंतामावशीची थोरली सून, विशीतली, हसायला लागली की पदर तोंडात कोंबूनही हसू बाहेर यायचं. हिरवा चुडा भरताना माझा पंजा दाबून म्हणाली, "बाई, हात आखडू नका. फुटत्याल न्हाई तर." बांगड्या चढल्या आणि मी हात हलवला. किती वर्षांनी माझ्या हाताचा आवाज मला ऐकू आला.

प्रयोग भर दुपारी, शाळेपुढच्या पटांगणात झाला. डॉक्टरांना बत्तीचा भरवसा नव्हता. समोर सगळी झोडणी संपवून आलेली माणसं, मागं धरणाचं पाणी चमकतंय. शेवटी मास्तर मला हाताला धरून ओढतात आणि मी उंबऱ्याला मिठी मारते. त्या वेळी पुढं बसलेली एक म्हातारी मोठ्यानं रडायला लागली. तिचं माहेर पाण्याखाली गेलेलं. मग सगळ्याच बायका. शेवंतामावशी डोळ्याला पदर लावून बसलेली मी पाहिली.

मी चूक केली ती त्यानंतर. नाटक संपल्यावर तिथंच तोंड धुवायला पाणी ठेवलं होतं. मी धुतलं नाही. लुगडं, चुडा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, तशीच मी गावातून माझ्या खोलीपर्यंत चालत गेले. दहा मिनिटांची वाट मी मुद्दाम हळू चालले. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर माणसं होती. स्टेजवरचं कुंकू गावानं पोटात घातलं होतं. रस्त्यावरचं घातलं नाही.

डॉक्टरांचं नाटक पुण्याच्या स्पर्धेत गेलं. माझं काम तिथं एका सरावलेल्या नटीनं केलं, कारण दोघंही गेलो तर दवाखाना कोण बघणार? बक्षीस मिळालं. मग पुण्यात त्यांना दिग्दर्शनाची बोलावणी येऊ लागली, मग आठवड्यातले दोन दिवस, मग चार. चैत्रात त्यांनी राजीनामा दिला. एस.टी.पाशी अख्खं गाव निरोपाला आलं. खिडकीतून हात काढून ते म्हणाले, "कुसुमबाई, दवाखाना तुमच्या हातात आहे हं." गाडी पौडच्या दिशेनं गेली, धूळ बसली, आणि मला समजलं की वस्तीच्या दारांत माझ्यासाठी उभं राहणारं आता कुणी नाही.

नवे डॉक्टर येणार येणार म्हणत पावसाळा आला. आले नाहीत. माझ्याशी कुणी भांडलं नाही. वाटेत भेटलं की "बरं हाय न्हवं बाई?" विचारायचे. फक्त निरोप यायचे बंद झाले. खरूज, ताप, पोटदुखीला लोक यायचे. बाळंतपणं पुन्हा जुन्या सुईणीकडं गेली. कुणाकडून तरी कानावर आलं, शेवंतामावशी म्हणते, नवरा मेल्यावर चुडा भरून गावातनं मिरवली, तिची सावली बाळंतिणीवर नको. तांदूळ येणं थांबलंच होतं.

चंद्राला दिवस गेले होते. आश्विनात एकदा शेताकडं जाताना ती दवाखान्याशी थांबली, आत आली नाही, पायरीखाली उभी राहिली. "बाई, माझ्या येळंला तुमीच या."

"सासूबाईंना सांगितलंस?"

"आत्याबाई न्हाई म्हणत्यात." मग म्हणाली, "मी हाक मारीन की. वाडी काय लई लांब न्हाई. ऐकू यील तुमाला."

मी हसले. तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून रक्त पाहिलं, पांढरट होती. लोहाच्या गोळ्या दिल्या. मी त्याच दिवशी तिच्या घरी जायला हवं होतं. मावशीच्या पायाशी बसायला हवं होतं, शिव्या खायला हव्या होत्या. मी माझा मान सांभाळत बसले. बोलावतील तर जाईन, असं.

कापणी ऐन भरात होती. वारा पडलेला, ऊन टोचणारं, सगळीकडं कापलेल्या भाताचा वास. दुपारी मी स्टोव्हवर सुया उकळत होते. चंद्राचा नवरा महादू बांधावरून धावत आला. हातातला विळा खाली ठेवायचंही भान नव्हतं त्याला. "बाई, चला. पोरगी झाली सकाळी. रगत थांबंना."

सकाळी. आणि आता ऊन माथ्यावरून कललं होतं.

मी पेटी घेऊन धावले. खाचराच्या बांधावरून धावताना दोनदा पडले. आत अंधारी खोली, सुईण कोपऱ्यात हात जोडून उभी, वार अर्धी तुटून आत राहिलेली. गोधडीवर बघवत नव्हतं. मी पोटावर हात ठेवला. डोळे मिटायची गरज नव्हती. भिजवलेल्या कणकेसारखं सैल. इंजेक्शन दिलं, चोळलं, हात घालून उरलेली वार काढली, जे जे शिकले होते ते सगळं केलं. गर्भाशय आवळलंसुद्धा. पण तिच्यात रक्तच उरलं नव्हतं. चंद्रानं डोळे उघडले, मला ओळखलं.

"बाई, मी हाक मारली हुती," ती म्हणाली. "पोचली न्हाई व्हय?"

शेवंतामावशी चौकटीला धरून उभी होती. बाहेर गडी भाताच्या पेंढ्या रचत होते. त्यांना कुणीतरी थांबा म्हणून सांगितलं.

पंधरा दिवसांनी मी पुण्याला गेले, डॉक्टरांकडं. एका शाळेच्या हॉलमध्ये त्यांची तालीम चालू होती. मला पाहून खूप आनंद झाला त्यांना, सगळ्या नटांशी ओळख करून दिली, "माझी पहिली नायिका." चहा मागवला. मी त्यांना बाजूला नेऊन सगळं सांगितलं. सांगताना रडायचं नाही असं ठरवून गेले होते. रडले नाही. त्यांचे डोळे मात्र भरून आले.

"डॉक्टर, तुमच्या ओळखी आहेत. तुमचं नाव झालंय. वर कुणाला तरी भेटा, दोन ओळी लिहा. मुळशीला डॉक्टर द्या म्हणावं. आणि एकदा तुम्ही या. तुम्ही दारात उभे राहिलात तर ते मला आत घेतील."

त्यांनी डोळे पुसले. मग म्हणाले, "तिचे शब्द काय होते? शेवटचे? जसेच्या तसे सांगा."

मी सांगितले. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि नाटकाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले. सुईण कुठं उभी होती, सासू कुठं, बाहेर कसला आवाज येत होता, तेही विचारलं. मला वाटलं, अर्जासाठी लिहून घेतायत. परतीच्या गाडीत मी हलक्या मनानं बसले होते. आठ वर्षांनी मुळशीला डॉक्टर आला. त्यात त्यांच्या अर्जाचा काही संबंध नव्हता, कारण अर्ज गेलाच नव्हता.

दरम्यान डॉक्टर रेडिओवर गेले. खेडुतांच्या कार्यक्रमात त्यांचं आरोग्यावर बोलणं असायचं. आमच्या ग्रामपंचायतीत बॅटरीवरचा रेडिओ आला होता. दिवेलागणीला माणसं पंचायतीपुढं बसायची. काय आवाज होता! शेजारी बसून बोलतोय असं वाटायचं. "ताप दोन दिवसांत उतरला नाही, तर अंगावर काढू नका. जवळच्या डॉक्टरांना दाखवा." एक म्हातारबा रेडिओकडं बघून म्हणाले, "कुटल्या डॉक्टरला? तू तर तितं जाऊन बसलायस." सगळे हसले. मीही हसले. त्यानंतर रोज कुणी ना कुणी ते म्हणायचं आणि हळूहळू कुणी हसेनासं झालं.

चंद्राला जाऊन तीन वर्षं झाली होती. पुन्हा सुगी. डॉक्टरांनी रेडिओवर आधी सांगून ठेवलं होतं की येत्या आठवड्यात मुळशी भागातल्या एका सत्य घटनेवर श्रुतिका होणार आहे. आपल्या गावचं म्हणून बायकाही आल्या. शेवंतामावशी आली, मांडीवर चंद्राची तीन वर्षांची पोर. महादू खांबाला टेकून उभा.

पहिल्या दोन वाक्यांत मला कळलं. भात कापल्याचा आवाज होता, अगदी खरा. एक सून, एक सासू, एक पांढऱ्या लुगड्यातली नर्स. सासू म्हणते, तिची सावली नको. सून कळा देतेय. मग तिची हाक, लांबवर जाणारी. उठावंसं वाटलं, उठता येईना. आणि मग रेडिओतल्या नर्सला ती हाक ऐकू आली. ती शेतं तुडवत धावली, सासूला बाजूला सारून आत गेली. पोर रडलं. वाद्यं वाजली. आणि सून म्हणाली, "बाई, माझी हाक पोचली!" सासूनं नर्सचे पाय धरले. शेवटी डॉक्टरांचा आवाज आला. त्या दिवसापासून त्या गावानं कुठल्याच बाईच्या कपाळाकडं पाहून तिची पारख केली नाही, असं ते म्हणाले.

पंचायतीच्या शिपायानं रेडिओ बंद केला. महादू कधी निघून गेला, कुणी पाहिलं नाही. माणसं एकेक करून उठली, एकमेकांकडं न बघता. डॉक्टरांना वाईट हेतू नव्हता हे मला तेव्हाही माहीत होतं. ऐकणाऱ्या हजारो घरांना धीर यावा, सासवांनी शहाणं व्हावं, असंच त्यांना वाटलं असणार. बहुतेक झाल्याही असतील कुठंकुठं. फक्त आमच्यासमोर त्यांनी चंद्राला उठवून बसवलं आणि कार्यक्रम संपवला.

मी आणि शेवंतामावशी दोघीच उरलो. पोर तिच्या मांडीवर झोपली होती.

"बाई," ती म्हणाली. तीन वर्षांत पहिल्यांदा. "सकाळीच तुला बोलावलं असतं तर खरंच जगली असती?"

नाही म्हणणं सोपं होतं. आधीच रक्त कमी होतं, नशीब होतं, काहीही म्हणता आलं असतं. तिची म्हातारपणाची वर्षं जरा सुखाची गेली असती. माझ्या मनात तेव्हा दया किती होती आणि सूड किती, हे मला आजही वेगळं काढता येत नाही.

"हो," मी म्हणाले. "वार सोडवली असती. जगली असती."

ती रडली नाही. पोर घसरत होती, तिला वर घेतलं. "मलाबी त्येच वाटत हुतं," म्हणाली. मग उठून उभी राहिली, लुगड्याची धूळ झाडली. "धाकल्या सुनंला सातवा लागलाय. उद्या येऊन बघून जा."

मी गेले. धाकटीला मुलगा झाला, दोघं सुखरूप. मग तिच्या शब्दावर वाडीतल्या बाकीच्या घरांतूनही निरोप येऊ लागले. शेवंतामावशी त्यानंतर अकरा वर्षं होती. त्या घरातलं प्रत्येक बाळंतपण तिनं माझ्याकडूनच करून घेतलं. दारात हात धुवायला स्वतः पाणी घालायची, ऊन ऊन, घंगाळातलं. पण पाणी घालताना मान खाली. अकरा वर्षांत तिनं माझ्याकडं एकदाही डोळे वर करून पाहिलं नाही, आणि मीही तिला, "मावशी, वर बघ," असं कधी म्हटलं नाही. मी हात धुवायची आणि आत जायची.